आईच्या वहीतलं माप

ती. बाबा आणि ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

रोज फोन होतो, मग पत्र कशाला, असं बाबा म्हणतीलच. पण फोनवर तुम्ही दोघं एकदम बोलता, मध्येच कुकरची शिट्टी होते, आणि शेवटी "बाकी ठीक ना?" "हो, ठीक" इथे येऊन गाडी थांबते. मला त्या "ठीक"बद्दलच लिहायचंय. शनिवारची सकाळ आहे, बाहेर गुडघाभर बर्फ, घरात अजून कोणी उठलेलं नाही. दुसरा चहा झालाय.

नोव्हेंबरात बाबांचा हयातीचा दाखला द्यायला आपण बँकेत गेलो होतो ते आठवतंय ना? यंत्रावर बाबांचा अंगठा काही उमटेना. चार वेळा पुसून झाला, तर्जनी झाली, मधलं बोट झालं. बाबा त्या काउंटरवरच्या मुलीला सांगत होते, "अगं, छत्तीस वर्षं नोटांच्या प्रेसमध्ये कागद हाताळला, बोटं गुळगुळीत झाली. नोटा तुमच्याकडे, रेषा त्यांच्याबरोबर गेल्या." ती हसली आणि मोबाइलसमोर चेहरा धरायला लावून काम भागवलं. मग आई म्हणाली, "माझीही बोटं बघ," आणि सुईने चाळणी झालेली तर्जनी तिच्यापुढे केली. तिला आईच्या बोटाशी काही कर्तव्य नव्हतं. पेन्शन बाबांची होती.

घरी आल्यावर मी गंमत म्हणून म्हटलं, सरकारने जिवंत आहात का एवढंच विचारलं, आता पुढचं मी विचारते. माझ्या संध्याकाळच्या वर्गात मिळालेला एक कागद पर्समध्ये होता. एड डीनर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांबरोबर १९८५ साली तयार केलेली पाच वाक्यं. आमच्या इलिनॉयच्याच विद्यापीठात त्यांनी बरीच वर्षं शिकवलं. २०२१ मध्ये गेले. वाक्य कितपत पटतं, त्याला १ ते ७ पैकी गुण द्यायचे. बेरीज ५ ते ३५. २० म्हणजे ना इकडे ना तिकडे. जगभर माणसांचं समाधान मोजायला हा कागद वापरतात.

बाबांनी पेपरातून डोकं वर न काढता सांगितलं, "सगळ्यांना चार."

"वाक्यं तरी ऐका."

"ऐकली. चार. जास्त सांगावं तर दृष्ट लागते, कमी सांगावं तर रडगाणं वाटतं."

झाले वीस. यंत्राला जसा अंगठा सापडला नाही, तसं डीनरसाहेबांनाही काही सापडलं नाही.

आई ओट्यावर बसून हूक लावत होती. 'मी माझ्या आयुष्याबद्दल समाधानी आहे' हे वाक्य मी वाचलं. ती दाताने दोरा तोडत म्हणाली, "धाकट्याचं एकदा जमू दे, मग सांगते." मी वैतागून म्हटलं, "आई, मी तुझ्या आयुष्याबद्दल विचारतेय." तर म्हणाली, "मग मी कोणाच्या सांगतेय?" शेवटचं वाक्य होतं, आयुष्य पुन्हा जगायला मिळालं तर मी जवळजवळ काहीच बदलणार नाही. त्यावर हातातला ब्लाउज खाली ठेवून, "पुन्हा? म्हणजे एवढ्या पोळ्या परत लाटायच्या? एक दे त्याला." थोड्या वेळाने, "दोन दे. पोरं काही वाईट नाही निघाली."

कागद अर्धाच राहिला. पण "मग मी कोणाच्या सांगतेय?" हे माझ्या डोक्यातून जाईना. विमानात बसले तरी तेच.

आता थोडं वर्गातलं सांगते, बाबांना आवडेल. १९९१ साली हेझल मार्कस आणि शिनोबू कितायामा या दोघांनी एक निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं असं, की 'मी' म्हणजे कोण, याचं उत्तरच सगळीकडे सारखं नाही. अमेरिकेत 'मी' म्हणजे कातडीच्या आत आहे तेवढा. जपानसारख्या ठिकाणी 'मी' हा माणसामाणसांच्या मध्ये पसरलेला असतो. त्यातून आई, मुलगा, शेजारी वजा केले तर हाती फारसं उरत नाही. मी वाचलं आणि मनात म्हटलं, हे तर जेलरोडच्या आमच्या ओट्यावर दोऱ्याचं टोक तोडत सांगून झालंय.

इथे आल्यावर पहिल्याच वर्षी मला याचा फटका बसला होता. तेव्हा तुम्हाला सांगितलं नव्हतं. कंपनीत वर्षाच्या शेवटी स्वतःच्या कामाबद्दल स्वतःच लिहून द्यायचं असतं. मी चार पानं लिहिली, अगदी मनापासून. 'काम वेळेत झालं', 'टीमने अडचण सोडवली', 'सगळ्यांचं सहकार्य लाभलं'. साहेबांनी वाचलं आणि विचारलं, "या चार पानांत तू कुठे आहेस?" त्या वर्षी पगारवाढ नावापुरती मिळाली. अडचण मी सोडवली होती, तीन रात्री जागून. पण 'मी सोडवली' हे लिहायला हात धजेना. आपल्याकडे चहासुद्धा 'झाला' म्हणतात, 'मी केला' कोण म्हणतं? मग हळूहळू शिकले. आता प्रत्येक वाक्य 'मी'ने सुरू करते. दिवाळीत आई म्हणालीच ना, "किती मी मी करतेस गं."

आणि आई, आता मूळ मुद्दा. दोन वर्षांपूर्वी फोनवर आपलं वाजलं होतं. मामींकडच्या लग्नात तू पाठीमागच्या खुर्चीवर बसून राहिलीस, स्टेजवर फोटोला बोलावलं तरी गेली नाहीस, आणि मी तणतणले, "तुला सेल्फ-एस्टीमच नाही." तू विचारलंस, "म्हणजे काय?" मी म्हटलं, "स्वतःबद्दल चांगलं वाटणं." तू जरा वेळ गप्प राहिलीस आणि म्हणालीस, "बाही नीट बसली की वाटतं की." मी ते उडवून लावलं. शिकलेली होते ना.

आई, ते वाक्य मी मागे घेते. का, ते सांगते, नुसतं 'सॉरी' तुला पटत नाही.

ज्या 'सेल्फ-एस्टीम'च्या नावाने मी तुला बोलले, ते मापायची पट्टी मॉरिस रोझेनबर्ग यांनी १९६५ साली काढली. दहा वाक्यं, न्यूयॉर्क राज्यातल्या हायस्कूलच्या मुलामुलींवरून बेतलेली. पुढे अमेरिकेत या गोष्टीचं केवढं स्तोम माजलं बघ: १९८६ मध्ये कॅलिफोर्निया सरकारने चक्क सेल्फ-एस्टीम वाढवण्यासाठी कार्यदल नेमलं. जॉन व्हॅस्कॉन्सेलोस नावाच्या आमदाराने त्यासाठी धोशा लावला होता. स्वतःबद्दल चांगलं वाटू लागलं की गुन्हे, व्यसनं, शाळेतली गळती, सगळं कमी होईल अशी आशा. १९९० मध्ये अहवाल आला. आणि २००३ मध्ये रॉय बाउमायस्टर आणि मंडळींनी सगळं संशोधन चाळून सांगितलं, की स्वतःबद्दल चांगलं वाटल्यामुळे मार्क वाढतात किंवा काम सुधारतं असं काही ठळक दिसत नाही. उलट चांगलं काम झालं की मागून बरं वाटतं. म्हणजे, बाही बसली की वाटतं. तू सतरा वर्षं आधीच सांगितलं असतंस, पण तुला अहवाल लिहायला कोणी बसवलं नाही.

एक गोष्ट मात्र त्यांनीही मान्य केली, की स्वतःबद्दलचं मत आणि आनंद यांचा संबंध घट्ट आहे. पण कुठे? डीनर आणि त्यांची मुलगी मारिसा, दोघांनी १९९५ साली ३१ देशांतल्या १३,११८ कॉलेजच्या मुलामुलींचे आकडे मांडले. जिथे 'मी'ला मान, तिथे स्वतःवर खूश असलेला माणूस आयुष्यावरही खूश. जिथे कुटुंब-गोताला मान, तिथे हा धागा सैल. गरीब देशांत मात्र पैशाबाबतचं समाधान आणि आयुष्याचं समाधान यांची गाठ जास्त पक्की. (बाबा, पहिली तारीख आठवतेय? पगाराच्या दिवशी तुम्ही द्राक्षं आणायचात, हंगाम असेल तर.) तीन वर्षांनी आणखी एक अभ्यास आला, ६१ देशांचा. अमेरिकेसारख्या ठिकाणी माणूस समाधानी आहे का हे ठरवताना आतून कसं वाटतंय याकडे बघतो. आपल्यासारख्या ठिकाणी तेही बघतो आणि चार माणसांच्या रीतीत आपलं आयुष्य बसतंय का, तेही तितकंच बघतो. 'धाकट्याचं जमू दे' हे त्यातलंच. मी त्याला भिडस्तपणा समजत होते. तुझा हिशेबच वेगळ्या वहीत आहे, आणि मी माझी वही तुझ्यापुढे आपटत होते.

बाबा, मध्यंतरी तुम्ही मला सुखी देशांच्या यादीचा तो मेसेज पाठवला होता, फिनलंड पहिला, भारत १४३ देशांत १२६ वा, आणि खाली तुमचं, "यांना काय कळतं!" तो २०२४ चा होता. त्यांची पद्धत अशी: एक शिडी डोळ्यांपुढे आणा, शून्यापासून दहा पायऱ्यांची, वरची पायरी म्हणजे तुम्हाला शक्य असलेलं सगळ्यात चांगलं आयुष्य, तुम्ही कुठल्या पायरीवर? हॅडली कॅन्ट्रिल या माणसाची १९६५ ची शिडी आहे ती. तुमचा राग अगदीच चुकीचा नाही, पण अगदी बरोबरही नाही. शिडी म्हटलं की आपण लगेच वरच्यांकडे बघतो. तरीही आपल्याकडची सगळी कमी नुसती बोलण्याच्या रीतीमुळे येते असं म्हणणंही खोटं; पाणी, दवाखाना, नोकरी, अडीअडचणीला कोणी आहे का, यांचा वाटा त्यात मोठा आहे. फिनलंडची माणसंही काही छाती फुगवून फिरणारी नव्हेत. आमच्या वर्गातल्या एका फिनिश बाईला कोणी 'तुम्ही जगातले सगळ्यात सुखी' म्हटलं की ती अवघडून खिडकीबाहेर बघते. थेट आपल्या मामींसारखी.

डीनर आणि त्यांचा मुलगा रॉबर्ट बिस्वास-डीनर, या बापलेकांनी कोलकात्यात झोपडपट्टीतल्या आणि फुटपाथवर राहणाऱ्या माणसांना भेटून २००१ मध्ये एक अभ्यास छापला. एकंदर आयुष्याबद्दल विचारलं तर उत्तर मध्याच्या किंचित खाली. पण घरची माणसं, मित्र, स्वतःची नीतिमत्ता असं एकेक विचारलं तर उत्तरं मध्याच्या वर. म्हणून वाटतं, बाबा, मीच चुकीचं विचारलं. 'आयुष्य' विचारलं की तुम्ही पेपरामागे जाऊन चार म्हणणार. मुक्तिधाम मंदिरापर्यंतची सकाळची चक्कर किती, असं विचारलं असतं तर सात. नात फोनवर 'आबा' म्हणते ते किती? गुडघे किती? गुडघ्यांना तुम्ही नक्की एक दिला असता.

दहावीच्या निकालाचंही तेव्हापासून डोक्यात होतं. पाटील काकांनी विचारलं, "किती पडले?" आणि तुम्ही माझ्यासमोर म्हणालात, "पडले बरे, अजून मेहनत पाहिजे." ८९ टक्के होते, बाबा. वीस वर्षं ते 'बरे' माझ्या घशात अडकलंय. इथे तर पोराने नुसतं चित्र रंगवलं तरी फ्रिजवर लावून टाळ्या वाजवतात. मग स्टीव्हन हाइने आणि सहकाऱ्यांचा २००१ चा एक प्रयोग वाचला. जपानी आणि कॅनडा-अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांना एक काम दिलं. काहींना सांगितलं छान जमलं, काहींना सांगितलं नाही जमलं. मग तसंच आणखी एक काम समोर ठेवून एकटं सोडलं. इकडची मुलं, जमलं म्हटल्यावर जास्त वेळ चिकटून बसली. जपानी मुलं, नाही जमलं म्हटल्यावर. तुमचं 'अजून मेहनत पाहिजे' हे त्या दुसऱ्या जातीचं आहे, हे कळलं. त्या रात्री मी खरंच अभ्यासाला बसले होते, सुट्टी असून. तरीसुद्धा, एकदा 'छान' म्हटलं असतंत तर काही बिघडलं नसतं. जपानी मुलींनाही वाईट वाटत असेलच की.

पण हे सगळं 'आपली रीत, त्यांची रीत' करून मिटवता येत नाही, आणि म्हणून फोनवर न बोलता लिहिलं. बाबा, हे तुमच्यासाठी आहे. रागावू नका.

आईची ती निळी वही तुम्ही कधी उघडलीय? मी दिवाळीत उघडली, जुन्या कपाटात सापडली तेव्हा. प्रत्येक पानावर एकेक बाई. उंची १४, छाती ३६, मुंढा, बाही ९, गळा मागचा खोल. समोर शेरे: 'डावा खांदा उतरता', 'बाळंतपण झालं, दोन इंच वाढव', 'हिला घट्ट आवडत नाही, सांगत नाही'. अख्ख्या कॉलनीचं शरीर आणि स्वभाव त्या वहीत आहे. तीन वह्या भरल्यात तिने. माझी चार वर्षांची होस्टेलची फी त्या वह्यांतून गेली, हे तुम्हालाही माहीत आहे. आईचं स्वतःचं पान त्यात नाही. विचारलं तर म्हणाली, "माझं काय, जुना ब्लाउज असतो मापाला."

आणि त्याच आठवड्यात, बँकेतल्या त्या मुलीने सहज विचारलं, "काकू काय करतात?" तुम्ही म्हणालात, "ही घरीच असते."

मी तीस वर्षं हे ऐकत आलेय. तुमच्या मनात खोट नाही, हेही माहीत आहे. स्वतःबद्दल 'चाललंय आपलं' म्हणता तसंच तिच्याबद्दल म्हणता. आपल्या घरातल्याची स्तुती आपण करू नये, असं तुम्हाला वाटतं. पण बाबा, आपला 'मी' जर चार माणसांत ठेवायला दिलेला असेल, तर तो ज्यांच्याकडे ठेवलाय त्यांनी तो नीट सांभाळायला नको का? इथली बाई निदान स्वतःच सांगून मोकळी होते, मी हे करते. आईने ते काम तुमच्यावर सोपवलंय आणि तुम्ही ते 'घरीच असते'वर उरकता. नम्रता दाखवायची तर आपापली दाखवावी. हाँगकाँग आणि अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांवर १९९७ साली झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की हाँगकाँगमध्ये नात्यांतला सलोखा समाधानात जास्त भर घालतो. पण स्वतःबद्दलचं मत तिथेही निकामी ठरलेलं नाही. दोन्ही लागतात.

'स्वाभिमान' हा शब्द मुळात मला तुम्हीच शिकवलात. आठवतंय? मी सहावी-सातवीत असेन, नाशिकरोडहून सिटी बसने पंचवटीत गेलो होतो. काळाराम मंदिराच्या पूर्वेच्या दारापाशी तुम्ही मला थांबवलंत आणि २ मार्च १९३० चं सांगितलंत. बाबासाहेब, दादासाहेब गायकवाड, हजारो बायामाणसं, आणि बंद दारं. सत्याग्रह पुढे काही वर्षं चालला, दारं उघडली नाहीत, आणि १३ ऑक्टोबर १९३५ ला आपल्याच जिल्ह्यात, येवल्याला, बाबासाहेबांनी धर्म सोडायची घोषणा केली. मी विचारलं होतं, त्यांना देव बघायचा होता का? तुम्ही म्हणालात, "देवासाठी नव्हतं ते. आपण माणूस आहोत हे समोरच्याने मानायला हवं होतं. त्याला स्वाभिमान म्हणतात."

बाबा, कॅलिफोर्नियाच्या कार्यदलाला जे सुचलं नाही ते तुम्ही एका दारात उभं राहून सांगितलंत. त्यांचा एस्टीम माणसाच्या डोक्यात असतो, आरशासमोर उभं राहून वाढवायचा. तुम्ही सांगितलेला स्वाभिमान दोन माणसांच्या मध्ये असतो आणि त्यात समोरच्याला हलावं लागतं. तेव्हा मी आईला 'तुला सेल्फ-एस्टीम नाही' म्हटलं, ते चुकीच्या माणसाला म्हटलं. स्टेजवर ती गेली नाही, कारण त्या लग्नातल्या निम्म्या ब्लाउजांचं कौतुक चाललं होतं आणि कोणीच, तुम्ही नाही, मी नाही, म्हटलं नाही की ते हिने शिवलेत. नवरीचा सुद्धा. आई, हे मला फोटो पुन्हा बघताना कळलं. नवरीच्या पाठीवरचा तो गळा तुझाच.

तर बाबा, पुढच्या वेळी कोणी विचारलं तर एवढंच सांगायचं, "शिवणकाम करते, तीस वर्षं झाली." फुशारकी नको, तुमच्या सुरात, चार गुणांचंच सांगा. दृष्ट लागली तर मी तिकडे येऊन काढीन.

बाकी काही विशेष नाही. नात बरी आहे, पुढचे दोन दात पडलेत. बाबांनी गुडघ्याची गोळी जेवणानंतरच घ्यावी, आधी नाही. धाकट्याला सांगा, फोन उचलत जा.

आई, तुझं एक काम आहे. माझ्यासोबत काम करणारी नाशिकचीच एक मुलगी फेब्रुवारीत घरी येतेय, तिच्या हाती दोन ब्लाउज पाठव. एक मोरपंखी साडीवर, एक तुला वाटेल तो. माझं माप वहीत आहे, पण ते लग्नाच्या वेळचं. आता दंडात घट्ट होईल. दोन बोटं माया जास्त ठेव आतून. आणि वहीच्या पुढच्या कोऱ्या पानावर तुझं स्वतःचं माप लिही. बाबांना टेप धरायला सांग, इंच वाचता येतात त्यांना, नोटांच्या कडा जन्मभर बघितल्यात. मी इथून कापड पाठवतेय, निळं, अंगाला लागणार नाही असं. ते तुझ्यासाठी आहे, कॉलनीतल्या कोणासाठी बेतू नकोस.

तुमची,
मनू